केसपेपरवरचा ‘क’

“अहो डॉक्टर, मेलो! मेलो मेलो मेलो!”

जावईबापू टेबलावर पडून बोंबलत होते आणि डॉक्टर रत्नपारखींनी त्यांच्या अंगठ्याला अजून हातसुद्धा लावला नव्हता. मी बादलीपाशी उभा राहून पट्ट्या मोजत होतो. शहाण्णव सालचा अधिक आषाढ. सराफांकडे धोंड्याच्या जेवणाला आलेले हे जावई सासऱ्याच्या न्हाणीघरात घसरले आणि पायाच्या अंगठ्याचं हाड जरासं तडकलं. जरासं म्हणजे किती, तर एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टरांना तो तडा शोधावा लागला.

“लोणीकर, आधी बधिर करायचं इंजेक्शन काढ,” डॉक्टर मला म्हणाले. “आणि हळू रे बाबा. नाजूक माणूस आहे.”

लोणीकर म्हणजे मी, दत्ता लोणीकर. त्या दवाखान्यात प्लास्टर घालायचं आणि कापायचं काम माझं. तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी इंजेक्शन काढलं आणि जावईबापूंच्या केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीकसा ‘ना’ काढला.

हे ‘ना’चं सांगायला हवं. आमच्याकडे पेशंटच्या दोन जाती होत्या. ‘ना’ म्हणजे नाजूक. त्याला आधी इंजेक्शन, मग हाड बसवणं, मग पायाखाली उशी, दुखण्याची गोळी दिवसातून तीनदा आणि संध्याकाळी डॉक्टर स्वतः येऊन “आता कसं वाटतंय?” ‘क’ म्हणजे काटक. त्याचं हाड तसंच ओढून बसवायचं, गोळी मागितली तर द्यायची, आणि विचारायचं काही नाही. हे कुठे छापलेलं नव्हतं. डॉक्टरांनी कधी तोंडानं हुकूमही दिला नव्हता. पहिल्या वर्षी ते सांगायचे, “हा काटक आहे, हा नाजूक आहे,” आणि मी लिहायचो. दुसऱ्या वर्षापासून त्यांना सांगावं लागलं नाही. आडनाव वाचायचं, टाचा बघायच्या, सोबत आलेल्या माणसाच्या हातात पिशवी आहे की गाठोडं ते बघायचं. बस्स. माझा ‘क’ कधी चुकला नाही म्हणून डॉक्टर पाहुण्यांसमोर माझं कौतुक करायचे. आणि मी, गाढव, लाजून हसायचो.

जावईबापूंचं चालू असतानाच बाहेर टेम्पो थांबला. खडीच्या खाणीवरची बाई होती. सुरुंगानंतर सुटा झालेला दगड वरून घरंगळत आला आणि डाव्या नडगीवर बसला. फळीवर झोपवून आणली होती. बरोबर एक म्हातारी, काटकुळी, कपाळावर गोंदण, दंडात चांदीची वाकी.

“नाव?” मी विचारलं.

“हणमाबाई,” म्हातारी म्हणाली. “सून हाय माजी.”

“आडनाव?”

“कुसाळकर.”

वडार. मी मान वर केली नाही. टेबलावर केसपेपर ठेवला, नाव लिहिलं आणि कोपऱ्यात ‘क’ काढला. नेहमीपेक्षा जरा ठळकच आला.

डॉक्टर आले, पाय बघितला. नडगी मधोमध मोडून पाय बाहेर वळलेला, सूज चढायला लागलेली. कातडी फाटली नव्हती एवढंच नशीब.

“इंजेक्शन?” मी उगाच विचारलं.

“कशाला? वडार आहेत रे. दगड फोडणारी माणसं. यांच्या हाडांना पहारीचीच सवय.” मग हसले. “तू मांडी धर, मी ओढतो.”

मीही हसलो. हे मला लिहायलाच हवं.

मी मांडी धरली, डॉक्टरांनी घोटा धरून ओढलं. आतून हाड हाडावर घासल्याचा आवाज मला हाताला कळला. हणमाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, डोळे छताला लावले आणि तिच्या घशातून हूं की चूं आलं नाही. आमच्यात सासू उभी असताना सून विव्हळत नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. ही आमची रीत. माझी आई अशीच दात आवळून पाच वेळा बाळंत झाली होती, हे मला माहीत होतं आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

“बघ,” डॉक्टर म्हणाले, “आवाज तरी आला का? याला म्हणतात काटक. आपल्याला दुखतं तसं यांना दुखतच नाही. देवानं केलंय तसं.”

पडद्यापलीकडून जावईबापू ओरडले, “डॉक्टर, अंगठ्यात ठणका मारतोय हो!”

“आलो आलो,” म्हणून डॉक्टर निघाले. निघता निघता मला म्हणाले, “गोल प्लास्टर घालून टाक. मांडीपासून बोटांपर्यंत.”

“सर, सूज ताजी आहे. आज नुसतं खालून अर्धं घालू, चार दिवसांनी...”

“चार दिवसांनी ही येणार आहे का परत? पाल उचलून जातील कुठेतरी. ही माणसं परत येत नाहीत, लोणीकर. पुरतं घालून मोकळा हो.”

ताज्या मारावर गोल प्लास्टर घालायचं नाही, हे प्लास्टरवाल्याला पहिल्या महिन्यात शिकवतात. आत सूज वाढते, बाहेरून प्लास्टर दाबून धरतं, रक्त तुंबतं. बोटं बधिर झाली, आणि हाड बसवल्यावर कमी व्हायचं दुखणं उलट वाढत चाललं, की लागलीच प्लास्टर उभं चिरायचं. दहा मिनिटांचं काम. तेवढ्यानं पाय वाचतो. नाही चिरलं तर जातो. मला हे पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी गोल घातलं. चांगलं गुळगुळीत, हात फिरवून.

आता माझं सांगतो. मी लोणीकर नव्हे. बाप मलप्पा विटकर, लोणीच्या माळावर पाल टाकून राहायचा. तिथल्या एका मास्तरानं मला शाळेत घातलं, आणि पुढे कॉलेजात जाताना मी विटकर तिथेच टाकून गावाच्या नावाचा झालो. लोणीकर म्हटल्यावर लोक पुढचं विचारत नाहीत, आपापल्या सोयीनं धरून चालतात. डॉक्टरांनी सोयीनं धरलं होतं. घरमालकानंही धरलं होतं. सिस्टर कुलथे एकादशीला मला तिच्या डब्यातली खिचडी द्यायची. या एवढ्याशा खिचडीसाठी मी सहा वर्षं माझ्या आईची भाषा तोंडात आणली नव्हती. आईला दवाखान्यात यायला बंदी केली होती. असला मी मर्द.

दुपारी तीनच्या सुमाराला बायकांच्या खोलीतून हाका सुरू झाल्या. सासू बाहेर बसली होती, म्हणून हणमाबाईला तोंड फुटलं होतं. मराठी तिला बाजारापुरती यायची. दुखण्यात माणूस बाजारातली भाषा बोलत नाही. ती आमच्या भाषेत बोलत होती.

“लोणीकर, इकडे या बरं,” सिस्टर कुलथे म्हणाली. “मघापासून काहीतरी बडबडतेय. एक अक्षर कळेल तर शपथ.”

मी दारात उभा राहिलो. हणमाबाई म्हणत होती, आत पेटलंय. पाय फुटतोय आतून. बोटं कुठं आहेत माझी? बोटं लागत नाहीत. हे पांढरं काढा कुणीतरी. अम्मा, हे काढायला सांग.

अक्षर न् अक्षर. माझ्या आईच्याच तोंडचे शब्द होते.

“काय म्हणतेय?” सिस्टरनं विचारलं.

“मला काय माहीत?” मी म्हणालो. “मला कुठं यांची भाषा कळते?”

“गोळी देऊ का?”

“केसपेपर बघा की.”

सिस्टरनं केसपेपर बघितला. कोपऱ्यातला ‘क’ बघितला आणि तो परत खिळ्याला अडकवला.

मी सटकलो. व्हरांड्यात म्हातारी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. बाकडं रिकामं होतं, पण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. मी हातात ट्रे घेऊन तिच्या पुढून चाललो होतो. तेवढ्यात ती अगदी हळू, माझ्याकडे न बघता, आमच्या भाषेत म्हणाली,

“विंचू. तुझ्या पायाखाली.”

मी टुणकन उडालो. ट्रे हातातून सुटला, कात्र्या फरशीभर पसरल्या. खाली बघतो तर काही नाही.

म्हातारी हसली नाही. नुसती बघत राहिली.

“काय झालं हो?” आतून सिस्टर ओरडली.

“काही नाही, झुरळ!” मी ओरडलो आणि खाली बसून कात्र्या गोळा करायला लागलो. म्हातारीच्या तोंडापासून माझं डोकं हातभर अंतरावर होतं.

“कुणाचा रे तू?” तिनं विचारलं. आमच्यात नाव नंतर विचारतात. आधी कुणाचा, ते.

मी कात्र्या गोळा करत राहिलो.

“नको सांगू,” ती म्हणाली. “तुझी नोकरी असेल, बायकापोरं असतील. मी कुणाला बोलणार नाही, माझ्या लेकराची शपथ. ते लेकरू तर गेलं दोन वर्षांमागं, ही सूनच आहे मला. ती ओझं उचलते म्हणून मी जेवते. तू तुझं काही सांगू नको बाबा. तिचं तेवढं सांग त्यांना. सकाळचं दुखणं हाडाचं होतं, ते तिनं गिळलं. हे वेगळं आहे. बोटं मेली म्हणते. एवढंच सांग.”

किती सोपं करून दिलं होतं तिनं! मला लपायची मुभासुद्धा देऊन टाकली होती. मी उभा राहिलो, शर्ट नीट केला आणि स्वच्छ मराठीत म्हणालो,

“आजी, मला तुमची भाषा कळत नाही.”

विंचवाच्या नावानं हातभर उडालेला माणूस हे म्हणाला. तिच्या तोंडावर. म्हातारीनं मान हलवली आणि पदर पुढे ओढून घेतला.

पाच वाजता डॉक्टर फेरीला आले. पहिली वीस मिनिटं जावईबापूंकडे. सासरहून अनारशांचा डबा आला होता, त्यातला एक डॉक्टरांनी खाल्ला, एक मला दिला. जावईबापू उशीवर पाय ठेवून सासऱ्याच्या न्हाणीघराला शिव्या घालत होते. “रात्री झोप लागेल ना हो?” असं त्यांनी चार वेळा विचारलं आणि डॉक्टरांनी चार वेळा न कंटाळता सांगितलं.

मग बायकांची खोली. डॉक्टरांनी हणमाबाईच्या पायाचं बोट धरून वर उचललं. बोट बधिर असलं तरी त्यासरशी आतली सुजलेली पोटरी ताणली गेली. ती अशी किंचाळली की माझ्या हातातला अनारसा खाली पडला.

“हे काय?” डॉक्टर वैतागले. “सकाळी हाड ओढलं तेव्हा गप्प आणि आता नुसतं बोट हलवलं तर एवढं? नाटक आहे सगळं. कामावर जायला नको म्हणून.”

बघा न्याय. गप्प बसली तर हिला दुखत नाही, ओरडली तर ही नाटकी. जावईबापूंना मात्र ओरडल्यावर दुखत होतं आणि गप्प बसल्यावर बिचारे सोसत होते. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, भिंतीवर तीन पदव्या टांगलेला, आणि अक्कल ही एवढी. पण त्याची अक्कल काढून मी कुठे जाऊ? त्याला निदान तिची भाषा खरोखरच कळत नव्हती.

हणमाबाई बोलतच होती. बोटं मेली. काढा. बोटं मेली.

“काय म्हणतेय रे ही?” डॉक्टरांनी मला विचारलं. खरंच विचारलं. तो माणूस गर्विष्ठ होता, मूर्ख होता, पण कसाई नव्हता. ‘बोटं बधिर झालीत’ हे तीन शब्द त्याच्या कानावर पडले असते, तर त्यानं तिथल्या तिथे प्लास्टर चिरायला माझ्या हातात करवत दिली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता सासूदेखतही सून ओरडत होती. म्हातारी दारात उभी होती. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“काय की सर,” मी म्हणालो. “दुखतंय म्हणत असेल.”

“दुखणारच. हाड मोडलंय,” डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आज वाटतं, भाषा येते हे कबूल न करताही मला सांगता आलं असतं. पायाचं नख दाबून बघायची अक्कल मला होती. ‘सर, बोटं गार लागतायत’ एवढं म्हणायला वडार असावं लागत नाही. पण माझी भीती अशी लाचार होती की तिची बाजू नुसती घेतली, तरी कुणीतरी विचारेल, लोणीकर, तुला का एवढा पुळका? म्हणून मी सायकल काढली आणि घरी गेलो. जेवलो. झोपही लागली.

सकाळी आठला आलो तर खोलीत शांतता. हणमाबाई ओरडायची थांबली होती. सिस्टर कुलथे म्हणाली, “पहाटेपासून गप्प आहे. बरं वाटत असेल.” मी चादर वर केली. प्लास्टरच्या तोंडाशी पाचही बोटं निळीकाळी पडली होती. हात लावला तर गार. नख दाबलं, सोडलं, रंग पालटला नाही.

मी करवत आणायला धावलो. तेव्हा धावलो! प्लास्टर उभं चिरून दोन्ही बाजूंना फाकवलं. आतला पाय मी इथे सांगत नाही. डॉक्टर आले, बघितलं आणि त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं.

“सोलापूरला पाठवा,” म्हणाले. “जीप बोलवा. पाय राहत नाही आता. गुडघ्याच्या वरून काढावा लागेल.”

मग त्यांना केसपेपर आठवला. तो त्यांनी मागवून घेतला, बराच वेळ बघितला आणि माझ्यापुढे सरकवला. “कोपऱ्यातलं ते पुसून टाक.”

मी खोडरबर आणलं आणि पुसलं. ठळक काढला होता, त्यामुळे निघता निघेना. कागद जरा खरवडला गेला. पुसून झाल्यावर डॉक्टरांनी खाली शाईनं लिहिलं, ‘रुग्णाने काल दुपारपासून आज सकाळपर्यंत वेदना वाढल्याची अथवा बधिरपणाची कोणतीही तक्रार केलेली नाही. कर्मचारी समक्ष.’

“सह्या करा,” ते म्हणाले.

सिस्टरनं केली. तिच्यापुरतं ते जवळजवळ खरंच होतं. तक्रार तिला कळलीच नव्हती. मग पेन माझ्याकडे आलं. सगळ्या दवाखान्यात ती तक्रार शब्दाशब्दानं ऐकलेला मी एकटा माणूस. मी सही केली, द. म. लोणीकर. त्या ‘म’मध्ये माझा बाप मलप्पा बसला होता, तेवढाच काय तो मी शिल्लक ठेवला होता.

जीप आली. जावईबापूंनाही तेव्हाच घरी सोडत होते, त्यामुळे दारात गर्दी. ते दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून, अंगठा उंच धरून उभे होते. सराफ डॉक्टरांचा हात हातात घेऊन आभार मानत होते. त्यांच्यामधून आम्ही हणमाबाईची फळी काढली. तिच्या तोंडात पदराचा बोळा पुन्हा होता. सासू जवळ होती ना.

फळी जीपमध्ये सरकवली. म्हातारी टेकू घेत मागे चढली, खाली राहिलेल्या गाठोड्याकडे बोट केलं आणि मला मराठीत म्हणाली,

“सायेब, गाठुडं द्या जरा वर.”

साहेब! काल याच तोंडानं ती मला बाबा म्हणाली होती. मी गाठोडं उचलून दिलं. तिनं ते मांडीवर घेतलं आणि मान दुसरीकडे वळवली. तेव्हा माझं काय झालं मला सांगता येत नाही. रात्री आलेली झोप, तो अनारसा, ती सही, सगळं एकदम आठवलं. मी जीपचं फाळकं दोन्ही हातांनी धरलं आणि आमच्या भाषेत, मोठ्यानं, सगळ्यांदेखत बोललो. सहा वर्षांनी.

“अम्मा, मी मलप्पा विटकराचा आहे. लोणीच्या माळावरच्या. मी ऐकलं होतं. बोटं मेली म्हणत होती ते मी सगळं ऐकलं होतं.”

डॉक्टर बघायला लागले. जावईबापूंचा अंगठा खाली आला.

“अगंबाई, लोणीकर,” मागून सिस्टर कुलथे म्हणाली, “तुम्हाला येते की हो यांची भाषा!”

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यापासून बुटांपर्यंत आणि परत वर, सावकाश. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली,

“काय म्हनला, सायेब? आमाला न्हाई कळत तुमची भाषा.”

आणि पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

“चल बाबा,” ती त्याला म्हणाली. “लवकर चल.”